चौकात आक्का बसली तर

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, शहरापासून अर्ध्या तासावर. स्टँडसमोरच्या चौकाचं सुशोभीकरण चाललंय. कठडा झाला, फरशी बसली, मधला चौथरा बांधून तयार आहे आणि त्यावर काय ठेवायचं यावरून गाव अडलंय. गावातलाच एक मुलगा कोल्हापुरात शिल्पकला शिकून आला. त्यानं सभेत सुचवलं, की गेली चाळीस वर्षं याच जागी बुट्टी मांडून भाजी विकणाऱ्या आक्काचं माणसाएवढं शिल्प करूया. हुबेहूब, विटलेल्या लुगड्यासकट, हातांच्या भेगांसकट. सभेत लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, पुतळा थोरांचा असतो. भाजीवालीला चौथऱ्यावर बसवलं तर शेजारच्या गावांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसरा म्हणाला, करूया की, पण अशी झाली पाहिजे की बघणाऱ्यानं थांबून भाव विचारावा. लोक वाट वाकडी करून येतील, फोटो काढतील, गावाचं नाव होईल. पंधरा दिवस हा वाद मी वाचनालयात, डेअरीच्या रांगेत आणि दोन लग्नांच्या पंगतीत ऐकला. दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलतात, पण ज्या प्रश्नावर भांडायला हवं त्याला कुणी हातच घालत नाही.

माझं मत आधीच सांगते. आक्काचं शिल्प व्हावं आणि ते हुबेहूबच व्हावं. मात्र हुबेहूब झालं एवढ्यावरच आपण खूश होणार असू, तर त्या पैशांत गटार दुरुस्त केलेलं बरं. ज्या माणसाच्या पुढ्यातून आपण रोज जातो आणि ज्याच्याकडं एकदाही नीट बघत नाही, त्याच्यासमोर अशी शिल्पं आपल्याला दहा मिनिटं उभं करतात. त्यांचं सगळं मोल त्या दहा मिनिटांत आहे. म्हणून ‘खरी वाटते का’ हा प्रश्न मागाहून विचारावा. ‘ही आपली आक्का आहे, की कुठलीही भाजीवाली’ हे आधी विचारायला हवं.

अशा शिल्पांच्या प्रवाहाला हायपररिअलिझम म्हणतात. मराठीत ‘अतिवास्तववाद’ हा शब्द सर्रिअलिझमसाठी केव्हाच खर्ची पडला, त्यामुळं मी साधं ‘हुबेहूब शिल्प’ म्हणेन. अमेरिकेत ड्युएन हॅन्सन या शिल्पकारानं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही वाट रुंद केली. त्यानं कुणाला घडवलं बघा. ढकलगाडी ओसंडेपर्यंत सामान भरून निघालेली बाई, गळ्यात कॅमेरा अडकवलेलं पर्यटक जोडपं, भिंतीला टेकून घटकाभर विसावलेला सफाई कामगार. सेनापती नाही, मंत्री नाही. आपल्याला मात्र असली शिल्पं बघायला समुद्र ओलांडावा लागत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गानं उत्तरेला निघालं तर कोल्हापूरच्या अलीकडं कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय लागतं. दक्षिणेला निघालं तर हुबळी ओलांडून शिग्गावजवळ गोटगोडीची उत्सव रॉक गार्डन आहे, २०२० साली वारलेले कलावंत टी. बी. सोलबक्कनवर यांनी उभारलेली. दोन्हीकडं गावगाड्यातली माणसाएवढी माणसं आपापल्या कामात गुंतलेली दिसतात. एक ठिकाण महाराष्ट्रात, एक कर्नाटकात, आणि आपण बरोबर मध्ये. आपल्या शाळांच्या सहली दोन्हीकडं जातात. म्हणजे या शिल्पांशी आपली ओळख जुनी आहे. फक्त ती आपल्या चौकात यायची वेळ आली की आपण बिचकतो.

‘पुतळा थोरांचा असतो’ हे म्हणणं मी हलकं मानत नाही. सीमाभागात तर मुळीच नाही. इथं पुतळा हा जागेचा उतारा असतो. ज्याचा पुतळा त्याचा चौक, ज्याचा चौक त्याचं गाव. २०२० च्या ऑगस्टमध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्यावरून माणसं एकमेकांसमोर उभी ठाकली. २०२१ च्या डिसेंबरात बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि लगोलग इकडं अनगोळमध्ये रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. २०२३ च्या मार्चमध्ये राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचं चार दिवसांत दोनदा अनावरण झालं, दोन पक्षांकडून. इथला मराठी माणूस शिवरायांच्या पुतळ्यासाठी हट्ट धरतो तेव्हा तो ‘आम्ही इथं आहोत’ एवढंच सांगत असतो. फलकांवरून, दाखल्यांवरून, कचेऱ्यांतून भाषा मागं सरताना दिसते आणि मग दगडातला, धातूतला राजा त्याला आधाराचा वाटतो. मी १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिवस पाळणाऱ्या घरात वाढले. ही भावना मला कुणी समजावून सांगायला नको.

पण थोर माणसं आली कुठून? रायण्णा कित्तूरच्या राज्यात शेतसनदी होते, म्हणजे गावाची राखण करायची आणि त्याबद्दल मिळालेली जमीन कसायची, असं काम करणारे. इंग्रजांशी लढले म्हणून १८३१ साली नंदगडला त्यांना फाशी झाली. महाराजांचे मावळे कोण होते? आपल्या खाचरांसारख्याच भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलात उभे राहणारे. आणि दगडात कोरून घ्यायचा मान फक्त थोरांचा, हा नियम तरी केव्हाचा? आपल्या भागात जुन्या देवळांच्या आवारात, तळ्यांच्या बांधावर वीरगळ उभे आहेत. खालच्या कप्प्यात गुरं, मध्ये लढाई, सगळ्यांत वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला माणूस. पळवून नेलेली गावची गुरं सोडवताना पडलेल्या कितीतरी साध्या माणसांसाठी असे दगड उभे राहिले. चौकात चौथरा बांधून त्यावर मोठ्या व्यक्तीचा पुतळा बसवायची पद्धत त्यामानानं अगदी अलीकडची, इंग्रजी अमदानीतली. आपल्या पोरांना हे आपल्यापेक्षा चांगलं समजतं. दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनात महाराज असतातच, पण पायथ्याला गवळण लागते, विहिरीवर पाणी ओढणारी लागते, टोपलीवाली लागते. ती नसतील तर किल्ला ओकाबोका दिसतो. महाराष्ट्राच्या शिल्पकारांनाही हे दोन्ही एका हातानं करताना अडचण वाटली नाही. विनायकराव करमरकरांनी पुण्यातला अश्वारूढ शिवपुतळा १९२८ साली घडवला, आणि त्याच करमरकरांनी अलिबागजवळच्या आपल्या सासवणे गावातली साधी माणसं सिमेंटमध्ये घडवली. त्यांच्या घरी ती आजही बघायला मिळतात.

चौथऱ्याच्या भांडणाला तर फ्रान्समधल्या कॅले शहरानं केव्हाच वाट दाखवली आहे. शहर वाचावं म्हणून स्वतःचा जीव द्यायला निघालेल्या सहा नागरिकांचं शिल्प शहरानं रोदँ या फ्रेंच शिल्पकाराकडून करवून घेतलं. रोदँला ती माणसं जमिनीलगत, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बरोबरीनं उभी हवी होती. शहरानं १८९५ मध्ये ती उंचावर चढवली. रोदँ गेल्यावर सात वर्षांनी, १९२४ मध्ये, ती खाली आली. आक्कालाही चौथरा नकोच. चौथऱ्यावर महाराजांना बसवा, मी पहिली वर्गणी देते. आक्का खाली फरशीवर बसेल, जिथं ती चाळीस वर्षं बसली. या दोघांची स्पर्धा लावणारे महाराजांनाच लहान करताहेत, असं मला मनापासून वाटतं.

शिकल्या-सवरलेल्यांचा आक्षेप वेगळा आहे आणि त्यानं मला जास्त विचार करायला लावला. ते म्हणतात, अंगावर प्लास्टर थापून साचा काढायचा, त्यात फायबर भरायचं, वर रंग द्यायचा, यात कला कुठं आली? हा तर मेणाच्या पुतळ्यांचा खेळ. आरोप जुनाच आहे. १८७७ साली रोदँचं ‘ब्राँझयुग’ इतकं जिवंत निघालं की त्यानं माणसाच्या अंगावरूनच साचा काढला असा आळ आला, आणि तो पुसताना रोदँच्या नाकी नऊ आले. चार वर्षांनी देगा या फ्रेंच चित्रकारानं चौदा वर्षांची नर्तकी मेणात घडवून मांडली, खरा कापडी झगा घालून, खरे केस लावून. टीकाकार तिच्यावर तुटून पडले, तिला कुरूप ठरवलं. हॅन्सनवर तर आळ घ्यायचीही गरज नव्हती, तो उघडपणे जिवंत माणसांवरून साचे काढायचा. तेव्हा अर्धा आक्षेप मी मान्य करते. साचा काढता येणं म्हणजे शिल्पकार होणं नव्हे.

पण बेळगावच्या माणसानं साच्याला नाक मुरडावं? उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतकाम करणाऱ्याला विचारा. वाळू नीट ठोकली नाही तर काय होतं, लोखंड निवताना किती आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच किती मोठा धरावा लागतो, हे तो सांगेल. नुसत्या साच्यातून नीट वस्तू निघत नाही, हे त्याला रोजच्या भंगारावरून कळलेलं असतं. माणसाच्या चेहऱ्यावरून काढलेल्या साच्याचं तर आणखीच अवघड. तो प्रेतासारखा येतो. प्लास्टरखाली डोळे उघडे ठेवता येत नाहीत, म्हणून ते मिटलेले. ओल्या प्लास्टरच्या भारानं गाल ओघळलेले. हालचाल करायची नाही म्हणून ओठ आवळलेले. यातून आक्का काढायची तर तिचे डोळे शिल्पकाराला हातानं उघडावे लागणार. किती उघडायचे? समोर गिऱ्हाईक असताना उघडतात तेवढे, की शेवटची बस निघून गेल्यावर उरतात तेवढे? मान कुठं कलते? उजवा हात जुडीवर आहे की गुडघ्यावर? हे कुठलाही साचा सांगत नाही, चाळीस वर्षं नाही तरी चार महिने तिच्यासमोर बसलेला माणूसच सांगू शकतो. हॅन्सनची माणसं सहसा आपल्या डोळ्याला डोळा देत नाहीत, नजर थोडी खाली, आपल्याच विचारात. आपण त्यांच्याकडं बघत राहतो आणि आपण नाही त्या वेळी आलो असं वाटू लागतं. हा निर्णय कलावंताचा.

ऑस्ट्रेलियात जन्मलेला रॉन म्यूक आणखी पुढं गेला. त्यानं आकारच बदलला. १९९७ मध्ये लंडनला त्याचं आपल्या वडिलांच्या मृतदेहाचं शिल्प मांडलं गेलं. त्वचेची प्रत्येक सुरकुती खरी, केस तर म्यूकचे स्वतःचे, पण लांबी जेमतेम एक मीटर. ज्यानं बापाला अंघोळ घालून शेवटचं उचललंय त्याला यातलं सत्य वेगळं सांगावं लागत नाही. पुढं २०१३ मध्ये त्यानं दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली आई केली. कोटाच्या आत छातीशी बाळ, बाळ आईच्या तोंडाकडं बघतंय आणि आईची नजर कुठंतरी पलीकडं. बाजारातून परतणारी अशी बाई आपण गणपत गल्लीत दर शनिवारी धक्का देऊन मागं टाकतो.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी बोलते. ‘खरी वाटली पाहिजे’ म्हणता, पण कुठलं खरं? कणेरीला मी तीनदा गेले. कारागिरी पाहून पहिल्यांदा हरखले, दुसऱ्यांदा मुलांना एकेक अवजार दाखवत फिरले. तिसऱ्यांदा काहीतरी खुपलं. बलुतेदारांचं ते स्वयंपूर्ण खेडं फार सुखी आहे. माझ्या नजरेला तरी त्यात विटाळ कुठं दिसला नाही. वेशीबाहेरचा माणूस पाणी कुठून भरत होता, बलुतं मागताना त्याची मान किती खाली असायची, हे त्या रंगवलेल्या चेहऱ्यांवरून कळत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर ठरवलं, ते असल्याच गोड चित्राला उत्तर म्हणून. याउलट १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले आपल्याला शेतकऱ्याच्या घरात नेतात आणि तिथली दैन्याची एकेक खूण दाखवतात. त्यांचा तपशील साक्षीदारासारखा उभा राहतो. हुबेहूबपणा कणेरीतही आहे आणि फुल्यांकडंही. एकीकडं तो सजावट करतो, दुसरीकडं तो जाब विचारतो. आमच्या चौकात मला दुसरा हवा.

कामगाराला वीर करून टाकणं ही दुसरी पळवाट. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरींचं ‘श्रमाचा विजय’ १९५९ पासून उभं आहे. उघड्या अंगाचे चार पीळदार पुरुष एक भलामोठा दगड हलवताहेत. शिल्प जोरदार आहे, त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईचं अंग पीळदार नसतं. नाकावर पदर बांधलेला, पापण्यांवर बारीक धूळ, आणि घरी आल्यावरही न थांबणारा खोकला. विडी वळणारीची पाठ सुपावर वाकून वाकून तशीच राहते. माझी आई वडगावची. मागावर बसलेल्या पुरुषांसाठी ती कांड्या भरायची आणि दोरा सतत फिरून तिच्या उजव्या तर्जनीवर एक चीर पडली होती, कायमची. विणकर स्त्रियांची किती चित्रं, किती पुतळे पाहिले, ती चीर मला कुठंच भेटली नाही. हुबेहूब शिल्पाचा आग्रह मी धरते तो त्या चिरेसाठी.

म्हणून आक्काला नऊवारीत नटवून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, बुट्टीत रंगीत भाज्यांची आरास मांडून बसवणार असाल तर माझा विरोध. आक्काच्या बुट्टीखाली खताची पांढरी पिशवी अंथरलेली असते. पावसाळ्यात डोक्यावर निळा प्लास्टिकचा कागद. तागडीशेजारी नातवानं चिकटवून दिलेला क्यूआर कोड, कारण कॉलेजची पोरं सुटे देत नाहीत. रताळ्यांना माती लागलेली असते आणि ती मुद्दाम धुवत नाही, धुतलेली टिकत नाहीत म्हणून. हे गाळलं तर उरेल ती कॅलेंडरवरची बाई.

सगळ्यांत टोकदार आक्षेप सभेत कुणी घेतलाच नाही. तो आक्काच्या सुनेनं घेतला, दारात तांदूळ निवडता निवडता. ‘जित्तं माणूस उन्हात बसलंय ते कुणाला दिसंना, आणि त्येचं सिमेंट करून बघायला येणार व्हय बाई?’ मी त्या दिवशी गप्प घरी आले. तिच्या म्हणण्यामागं इतिहास आहे, तिला तो माहीत असो वा नसो. बंगालमधल्या कृष्णनगरचे कुंभार एकोणिसाव्या शतकात मातीची इतकी जिवंत माणसं करायचे की ती इंग्रजांच्या प्रदर्शनांत जायची. तिथं त्या माणसांना नाव नसायचं. अमुक जातीचा, तमुक धंद्याचा नमुना, एवढीच त्यांची ओळख. बघणारा साहेब कौतुक करायचा आणि त्या कौतुकातच त्याचं वरचढपण असायचं. आज गाडीतून उतरून आक्काच्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणारा माणूस खऱ्या आक्काशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणार असेल, तर त्या साहेबात आणि त्याच्यात फरक काय?

फरक पडू शकतो, असं मी तरीही म्हणते, आणि ते एका मुलामुळं म्हणते. काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन अशाच शिल्पांच्या ठिकाणी गेले होते. आवारात सावलीला एक झाडणारी बाई खराटा मांडीवर घेऊन बसली होती, दमलेली, अगदी निश्चल. सहावीतल्या एका मुलानं पुतळा समजून तिच्या हाताला बोट लावलं. ती दचकली, तो ओरडला, पोरं हसली आणि पुढं पळाली. तो मात्र तिथंच थांबला. इतर पुतळ्यांकडं बघत होता तसाच तिच्याकडं बघत राहिला, तिच्या टाचांकडं, काचेच्या दोन बांगड्यांकडं, खराट्याला बांधलेल्या चिंधीकडं. मग म्हणाला, ‘मावशी, पाणी पाहिजे काय?’ परतीच्या वाटेवर बसमध्ये माझ्याजवळ येऊन त्यानं विचारलं, ‘बाई, आमच्या शाळंत झाडायला येत्यात त्या मावशींचं नाव काय ओ?’ सहा वर्षं तो त्या शाळेत होता. पुतळ्यांनी त्याला एका दुपारी बघायची सवय लावली होती आणि ती सवय पुतळ्यांपाशी थांबली नाही. सगळ्यांचं असं होत नाही, मान्य. चाळीस पोरांत एकाचं झालं. पण वर्गातही चाळिसांत एकाला कविता कळते म्हणून आपण कविता शिकवायची सोडत नाही.

‘पुतळ्यापेक्षा तिला शेड बांधून द्या’ असंही काही जण म्हणतात. शेड बांधाच, आधी बांधा. १९८१ मध्ये निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी महामार्गावर बसले, त्यांना दर हवा होता, पुतळे नव्हे. पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातली माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढं आपण दरवर्षी डोकं टेकवतो, ते १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात उभं राहून गोळी खाल्लेल्यांसाठी. ते कुणी पुढारी नव्हते. कुणी शेतावरून आलं होतं, कुणी कामावरून. म्हणजे साध्या माणसाला दगड द्यायला सीमाभागाची कधीच हरकत नव्हती. अट एकच राहिली, त्यानं आधी मेलं पाहिजे. ही अट मला आता सोसवत नाही. जी चाळीस वर्षं पहाटे चारला उठून शेतातून भाजी काढते, जिनं त्यावर तीन पोरं शिकवली, तिच्याकडं ती जिवंत असताना बघायला काय हरकत आहे?

पाटीचा वाद होणारच आहे, तेव्हा त्यावरही बोलून टाकते. आक्काचं पूर्ण नाव पाटीवर हवं, ‘भाजीवाली’ नको. कन्नड आणि मराठी, दोन्ही लिप्यांत, सारख्या आकारात. मराठीचा आग्रह सोडा असं मी कधी म्हणणार नाही. पण आक्का कोथिंबिरीचा भाव कन्नडमध्ये सांगते, घासाघीस मराठीत करते, आणि तिच्या बुट्टीला बुट्टी म्हणताना हा शब्द कुणाकडून आला याची चौकशी तिनं कधी केलेली नाही. तिच्यासमोर उभा राहणारा प्रत्येक जण तिला आपल्या भाषेत भाव विचारत आलाय आणि प्रत्येकाला उत्तर मिळालंय. सीमाभागात इतकं मोकळं ठिकाण दुसरं कुठलं?

बाकीच्या अटी थोड्या आहेत, पण कडक. जितके दिवस ती शिल्पकारासमोर बसेल तितक्या दिवसांचा पूर्ण रोज तिला मिळावा. झालेलं काम आधी तिला दाखवावं, तिनं नको म्हटलं तर चौकात येऊ नये. आणि दरवर्षी कुणीतरी हौशी माणसानं डबा घेऊन ऑइलपेंटचा हात मारू नये. आमच्याकडच्या पावसात शेवाळ धरतं, मग लोक रंग चढवतात, रंगावर रंग बसत पाच वर्षांत सुरकुत्या बुजतात आणि म्हातारी गुलाबी बाहुली होते. वर छप्पर हवं आणि डागडुजी त्याच मुलानं करावी. गावात तिचं नाव सगळ्यांना ठाऊक असलं तरी ते मी इथं लिहिलेलं नाही, कारण ते लिहायची परवानगी मी अजून मागितलेली नाही.

परवा मात्र मी आणि तो मुलगा तिच्याकडं गेलो. पंधरा दिवसांच्या भांडणात तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही. मग मुलाला विचारलं, ‘किती दिस बसायचं? धंदा बुडंल तेचं काय?’ त्यानं रोजाचं सांगितलं. ‘लुगडं हेच व्हय?’ हेच, तो म्हणाला. तिनं लुगड्याकडं बघितलं, पदराच्या ठिगळावरून अंगठा फिरवला आणि काही बोलली नाही. एक बस आली, दोन गिऱ्हाइकं झाली, तिनं वांगी मोजून दिली. आम्ही उठलो तेव्हा तिनं मुलाला परत हाक मारली.

‘बसवायचं तर बसवा. खरं तागडी सरळ दावा. येक पारडं खाली दिसलं तर मानसं म्हणतील, आक्का मापात मारती.’